प्रस्थान

आमच्या कुळात प्रवासाचे प्रकार दोनच होते; एक पोटासाठी करावयाचा आणि दुसरा पुण्यासाठी. पोटासाठी आमचे पूर्वज कोकणातून निघून गायकवाडांच्या आश्रयास बडोद्यात आले, आणि बडोद्याहून सरकारी हुकमाबरोबर नवसारी, अमरेली, ओखामंडळ असे राज्यभर पांगले. पुण्यासाठी त्यांनी पंढरपूर, गाणगापूर, काशी, द्वारका केली. ह्या दोन्ही प्रकारांचे शास्त्र घरात पिढ्यान् पिढ्या ठरून गेलेले आहे. कोणत्या प्रवासाला कोणती वळकटी, कोणता तांब्या, वाटेत कोणाच्या घरी उतरावयाचे, निघताना हातावर दही कोणी घालावयाचे, ह्याबद्दल आमच्याकडे कधी वाद होत नाही. परंतु काम नाही, नवस नाही, नातलग नाहीत, अशा ठिकाणी केवळ ती जागा पाहण्यासाठी जावे आणि दोन रात्री कापडाच्या छपराखाली जमिनीवर निजून काढाव्यात, हा तिसरा प्रकार आमच्या घरात ह्या वर्षी प्रथमच शिरला. त्याला कारण माझी बारा वर्षांची कन्या.

ती ज्या निसर्गमंडळात जाते त्याने नाताळच्या सुटीत कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाच्या काठी शिबीर योजिले, आणि प्रत्येक मुलाबरोबर घरातील एका वडीलधाऱ्या माणसाने यावे असे कळविले. न्यायालयास सुटी असल्यामुळे ते वडीलधारे माणूस मीच ठरलो. बातमी आईच्या कानी गेली तेव्हा तिने माळ ओढणे न थांबविता एकच प्रश्न विचारला: “तिथे देव कोणता?” उलटतपासणीत साक्षीदारांना पेचात टाकून मी पोट भरतो, पण ह्या साध्या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन देता येईल असे उत्तर नव्हते. पुढील तीन आठवडे आमच्या घरी जी तयारी चालली ती तंबूची आणि शिधासामुग्रीची तर होतीच. पण तिच्या बुडाशी ह्या प्रश्नाचा शोधही चालला होता असे मला आता वाटते.

ज्या जागी आम्ही जाणार तिचे नाव नरारा. जामनगरहून सुमारे साठ किलोमीटरांवर, वाडीनार बंदराजवळ हा किनारा आहे. जोडियापासून ओख्यापर्यंत आखाताच्या दक्षिण काठाने बेचाळीस बेटे पसरलेली आहेत. ती बेटे, त्यांच्याभोवतीची प्रवाळांची खडकाळ जमीन, तिवरांची वने आणि चिखलाची मैदाने मिळून १९८० साली अभयारण्य झाले आणि त्याचा १६२.८९ चौरस किलोमीटरांचा गाभा १९८२ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाला. आपल्या देशातील हे पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान. त्यातही नराऱ्याचे वैशिष्ट्य असे की, समुद्रातील प्रवाळ पाहावयास अन्यत्र बुडी मारावी लागते, तेथे नरारा येथे ओहोटीच्या वेळी माणूस पायी चालत जाऊन ते पाहू शकतो. समुद्र स्वतःच दोन-तीन तास बाजूला सरतो आणि आपल्या घरातील माजघर आपल्याला दाखवितो.

ही माहिती मी आईला वाचून दाखविली तेव्हा ‘ओखा’ ह्या शब्दापाशी ती थांबली. आमचे पणजोबा ओखामंडळातच गायकवाड सरकारचे कारकून होते. द्वारका आणि बेट ज्यात येतात तो ओखामंडळ प्रांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बडोद्याकडे आला आणि १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत बडोद्याकडेच राहिला. चहूकडे परक्या राज्यांचा मुलूख आणि मध्ये समुद्राकाठी तुटून पडलेला हा बडोद्याचा तुकडा. तेथे बदली होणे म्हणजे तेव्हा शिक्षा समजत. परंतु द्वारकाधीशाचे नित्य दर्शन घडते म्हणून पणजोबांनी ती शिक्षा आनंदाने भोगली, अशी घरातील कथा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सयाजीराव महाराजांच्या सरकारने ह्याच किनाऱ्यावरील समुद्रजीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाकडून करविली होती. त्याचा अहवाल १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. समुद्रातून राज्याला उत्पन्न काय होईल हे पाहण्याचा हेतू त्यात होताच; पण शंखाचे हिंदूंच्या धर्मजीवनात काय स्थान आहे ह्यावरही हॉर्नेलने पुढे विस्ताराने लिहिले. म्हणजे ज्या समुद्राकडे मी प्रथमच जात होतो असे मला वाटत होते, त्याच्याशी आमच्या गावाचा आणि आमच्या घराचाही व्यवहार जुनाच निघाला.

पहिला प्रश्न दिवस कोणता धरावयाचा हा. डोंगरावर जावयाचे तर सुटी पाहून निघावे. पण जेथे समुद्र बाजूला सरल्याशिवाय काहीच दिसत नाही, तेथे सुटीआधी चंद्राची संमती घ्यावी लागते. आम्ही विश्वामित्रीच्या काठची माणसे. आम्हांस नदीतील मगरी ठाऊक. भरती-ओहोटीचे गणित ठाऊक नाही. तेव्हा मी म्हापशाच्या माझ्या एका वकीलमित्रास विचारले. हे गृहस्थ गोमंतकातील जुन्या घरात राहतात; त्यांच्या खिडक्यांना काचेऐवजी पारदर्शक शिंपल्यांची तावदाने आहेत. त्या जातीचे शिंपले कच्छच्या आखातातही होतात, हे ऐकून त्यांना आपल्या खिडकीचा कोणी दूरचा भाऊबंद भेटल्यासारखा आनंद झाला. त्यांनी कोकणच्या दर्यावर्दी लोकांची रीत सांगितली: तिथीची पाऊणपट करावी, जो अंक येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आणि भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. परंतु लगेच त्यांनी बजावले की, हे कोकणचे गणित कच्छच्या आखातात जसेच्या तसे चालवू नका. ते आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते. तोंडाशी ओख्याला पाणी तीन मीटरांच्या आसपास चढते-उतरते. तेच आत नवलखी-कांडल्याकडे सहा-सात मीटरांवर जाते, आणि पोहोचण्यास वेळही घेते. तेथे बंदराचे भरतीपत्रकच पाहावे.

भरतीपत्रक आणले. आईने पंचांग आणले. दोन्ही पुस्तके जाजमावर शेजारी शेजारी उघडून ठेवली आणि माझ्या लक्षात आले की, ती दोन्ही एकाच चंद्राची रोजनिशी आहेत. एकात उपवास आणि पर्वणी लिहिली आहेत, दुसऱ्यात मीटर आणि मिनिटे. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते आणि सर्वांत दूर ओसरते. सर्वांत मोठी ओहोटी त्या तिथीनंतर एक-दोन दिवसांनी येते. अष्टमीच्या सुमारास भांग असते; तेव्हा समुद्र धड येतही नाही आणि धड जातही नाही. रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ह्या सर्वांचा मेळ घातला तेव्हा निष्पन्न झाले ते असे की, प्रवाळ नीट पाहावयाचे तर अमावास्येच्या रात्री बडोद्याहून गाडीत बसले पाहिजे.

“अमावास्येला घराबाहेर पाऊल?” आईने पंचांग मिटले.

येथे माझी वकिली चालली नाही; परंतु शास्त्रात जशी अडचण असते तशी तोडही असते, आणि ती तोड आईनेच काढली. तिने सांगितले, प्रस्थान ठेवू. ज्यांच्या घरी ही चाल मोडली असेल त्यांच्यासाठी सांगतो. निघावयाचा दिवस चांगला नसला तर त्याआधीच्या चांगल्या दिवशी, आपल्या वतीने एक लहानसे बोचके, त्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि एक नाणे बांधून, शेजारी किंवा देवळात नेऊन ठेवतात. त्या क्षणी तुम्ही निघालात असे मानावयाचे. मग प्रत्यक्ष निघतेवेळी ते उचलून पुढे जावे. आमच्या कायद्यातही जे घडले नाही ते घडले असे धरून चालण्याची सोय असते. दत्तविधान झाल्या दिवसापासून मूल दत्तक घराण्याचेच मानले जाते, त्याच्या जन्मदात्रीने काहीही म्हटले तरी. प्रस्थानालाही मुदत असते, ती टळली की ते रद्द होते, हे ऐकून तर माझी खात्री पटली की मुदतीचा कायदा इंग्रजांनी आम्हांला नव्याने शिकविलेला नाही. त्रयोदशीस आईने बोचके बांधले आणि विठ्ठलमंदिरात नेऊन ठेवले.

दुसरे काम सामानाचे. मुलीजवळ मंडळाने दिलेली छापील यादी होती आणि आईजवळ तीर्थयात्रेची तोंडपाठ. दोन्ही याद्या पुष्कळ ठिकाणी जुळल्या. किनाऱ्यावर गोडे पाणी दुर्मिळ, म्हणून पाणी बरोबर हवे. आईनेही आयुष्यभर यात्रेत आपला तांब्या कोणाच्या हाती दिलेला नाही. आखातावरून येणारे पौषातले वारे रात्री झोंबतात, म्हणून घोंगडी हवी. चूल पेटवावयाची नाही, म्हणून टिकणारे खाणे हवे. ह्या कलमावर आई प्रसन्न झाली. तिने पाण्याचा थेंब न लावता दुधात भिजवून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, मेतकूट भरले, गुळाचा खडा बांधला. सोवळ्यातील माणसाला प्रवासात चालावे म्हणून जे अन्न आमच्या आज्यांनी शोधून काढले, ते वनखात्याच्या नियमांतही चोख बसले. प्लास्टिकच्या पुड्या नकोत असे यादीत होते. आईच्या फडक्यांना आणि डब्यांना त्याची अडचण नव्हती.

खटका उडाला तो बुटांवर. यादीत पहिलीच वस्तू होती ती बंद आणि जाड तळाचे, भिजले तरी चालतील असे बूट. प्रवाळांच्या कडा सुरीसारख्या लागतात, फटींतून समुद्रसाळींचे काटे उभे असतात आणि वाळूत अंग चोरून बसलेले विषारी काट्यांचे मासेही असतात. आईला हे समजले. तरी ज्या ठिकाणाविषयी गेले पंधरा दिवस आम्ही एवढ्या आदराने बोलत होतो तेथे बूट घालून जावयाचे हे तिला रुचेना. तेव्हा मुलीने यादीच्या मागची सूचना वाचली: पाऊल वाळूवर किंवा मोकळ्या खडकावर पडावे, जिवंत प्रवाळावर, शेवाळाच्या गादीवर पडू नये, एकाच्या मागे एक चालावे, दगड उलटला तर जसा होता तसाच पुन्हा ठेवावा, कारण त्याच्या खालच्या अंगाला जे जगते ते उन्हात मरते. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “सकाळी अंथरुणातून उतरताना आपण काय म्हणतो?” समुद्र जिचे वस्त्र आहे त्या भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी पायाच्या स्पर्शाबद्दल क्षमा मागण्याचा श्लोक आमच्या घरात प्रत्येक मूल चौथ्या-पाचव्या वर्षी शिकते. मीही तो रोज म्हणतो. म्हणता म्हणता चपला शोधतो. पाऊल कोठे पडते ह्याकडे खरोखर लक्ष द्यावे असा त्याचा अर्थ होऊ शकतो हे त्या दिवशी एका बारा वर्षांच्या मुलीच्या कागदाने दाखविले. बुटांना मंजुरी मिळाली.

तिसरे काम माझ्या वाट्याचे: परवानगीचे कागद. ओळखपत्रांच्या प्रती, शुल्क, वनखात्याचा वाटाड्या बरोबर ठेवण्याची अट, हे सर्व यथासांग करून मी सवयीप्रमाणे मूळ कायदाच काढून बसलो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या २८ व्या कलमात अभयारण्यात प्रवेशाचा परवाना कोणत्या कारणांसाठी देता येतो त्याची यादी आहे, आणि तीच राष्ट्रीय उद्यानासही लागू होते: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. आईच्या प्रश्नाला ह्या पाचांत उत्तर नव्हते. पुढे कचरा टाकू नये, प्राण्यांना छळू नये, धोका होईल असा विस्तव पेटवू नये, शस्त्र नेऊ नये, अपायकारक रसायने वापरू नयेत. आणि ३५ व्या कलमातील सहावे पोटकलम: राष्ट्रीय उद्यानातून कोणताही वन्यजीव, वनोपजसुद्धा, नष्ट करू नये, उपभोगू नये, बाहेर काढू नये. हे नीट वाचले की ध्यानात येते, ह्या कायद्याचा बराचसा भाग ‘नये’ ह्या एका शब्दाने भरला आहे. आमच्या गाभाऱ्याचे नियमही असेच नाहीत काय? आत कोणी काय करावे हे तेथे थोडक्यात सांगितलेले असते; काय करू नये हेच फार.

रिकामा शंखही उचलू नये, असे मंडळाच्या सूचनेत होते. मला प्रथम हा अतिरेक वाटला. मेलेल्या गोगलगाईचा शंख; त्याच्यावर कोणाचा हक्क? मुलीने सांगितले की, शंख रिकामा झाला की त्यात एक जातीचा खेकडा राहावयास येतो. त्याचे मागचे अंग मऊ असते. शंखाखेरीज त्याला निवारा नाही, आणि वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. म्हणजे मालक गेला तरी जागेला कूळ लागलेले असते! ज्याने हयातीची वीस वर्षे कुळांचे खटले चालविले आहेत, त्याला हा मुद्दा निराळा समजावून सांगण्याचे कारण नव्हते.

परंतु आईने जे मागितले होते ते शंखाहून अवघड होते. पणजोबांनी द्वारकेहून आणलेली चक्रांकित शिळा आमच्या देवघरात आहे. लिंबाएवढी, पांढरी, अंगावर चक्रांच्या खुणा. शालिग्रामाबरोबर चक्रांकित पुजावा असा अनेक घराण्यांचा कुलाचार आहे. शालिग्राम आणि द्वारावतीशिला जेथे एकत्र येतात त्या जागेचा महिमा पुराणांत सांगितला आहे. माझ्या धाकट्या भावाने पुण्याला घर घेतले. त्याच्या देवघरात शालिग्राम आहे, चक्रांकित नाही. “त्याच समुद्रावर चालला आहेस,” आई म्हणाली, “तर एक त्याच्यासाठी आण. विकत नको. आपल्या हाताने आण.” सत्त्याहत्तर वर्षांच्या आईने मुलाजवळ केलेली ही मागणी. सर्व आयुष्यात तिने मागितलेल्या वस्तू मोजावयास एका हाताची बोटे पुरतील.

चक्रांकित म्हणजे प्रवाळ. समुद्रातील अतिशय लहान जीव चुन्याची घरे बांधतात. एकाला लागून दुसरे, त्याला लागून तिसरे, आणि जुन्या घरांवर नवी. जीव गेले की घरे उरतात. शिळेवर जे चक्र दिसते ते त्या एकेका घराचे तोंड, आणि चक्राच्या आऱ्या म्हणजे त्या घराच्या आतील भिंती. अशी वस्ती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते. खडकाएवढी व्हावयास तिला शतके लागतात. कच्छच्या आखातात कठीण प्रवाळांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत, आणि गढूळ पाणी, कडक ऊन, मोठ्या ओहोट्या सोसून त्या टिकल्या आहेत. एके काळी ह्याच आखातातील प्रवाळवाळू सिमेंटसाठी उपसली जात होती. २००१ साली सर्व कठीण प्रवाळांना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, बसविण्यात आले. पणजोबांच्या काळी ह्यांतील कोणताही कायदा नव्हता. आणि देवघरातल्या देवाविषयी वकिली मत देण्याची ही जागा नव्हे. परंतु आज मी आईसाठी एक खडा खिशात घातला तर तो काय ठरेल, ह्याबद्दल मला संशय नव्हता.

मी हे आईला सांगत असता मुलीने मधेच विचारले, “बाबा, पण नराऱ्याजवळून तेलाचे मोठे नळ गेले आहेत ना? आजीला एक खडा आणता येत नाही, आणि नळ कसे जातात?”

मुले असा प्रश्न विचारतात तेव्हा वडिलांनी तो टाळू नये. ह्या आखाताच्या काठी तेलाच्या टाक्या आहेत, शुद्धीकरणाचे प्रचंड कारखाने आहेत, समुद्रात नांगरलेल्या जहाजांतून तेल किनाऱ्यावर येते. असाच एक नळ ह्या राखीव प्रदेशातून नेण्यावरून खटला झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ साली निकाल लागला. नळ टाकण्याने वन्यजीवांचा नाश होतोच असे गृहीत धरता येत नाही. नाश होणार नाही अशी तज्ज्ञांची खात्री पटली, तर अटी घालून परवानगी देता येते, असा त्याचा इत्यर्थ. देशाला तेल लागते आणि समुद्रही लागतो, ह्या दोहोंचा तोल साधण्याचा तो प्रयत्न होता. तो तोल बरोबर साधला गेला की नाही ह्यावर सुज्ञ माणसांत आजही मतभेद आहेत, आणि माझ्या मनाचीही दोन मते आहेत. मी मुलीला एवढेच सांगितले की, खडा उचलणारा कोणाला विचारीत नाही; नळ टाकणाऱ्याला विचारावे लागले, विरोध ऐकून घ्यावा लागला, अटी मान्य कराव्या लागल्या. कायदा अटी लिहितो. त्या पाळल्या जातात की नाही हे मात्र कायद्याला दिसत नाही. ते पाहणारी माणसे लागतात.

“म्हणजे साक्षीदार,” मुलगी म्हणाली. वकिलाच्या घरातील मूल. तिला हा शब्द सहज सुचला.

मला मात्र तो सहज वाटला नाही. पाच कारणांच्या यादीत आमच्या परवान्यावर ‘पर्यटन’ लिहिले होते, आणि तो शब्द मला पहिल्यापासून थोडा टोचत होता. साक्षीदार हा शब्द बसला. साक्षीदार काही नेत नाही आणि काही आणीत नाही. त्याने तेथे असावे, डोळे उघडे ठेवावेत आणि विचारल्यावर सांगावे, एवढेच. आपल्या तत्त्वज्ञानात सर्वांत आतल्या पुरुषाला जे नाव दिले आहे तेही हेच. एरवी राजा, गुरू आणि देव ह्यांच्याकडे रित्या हाताने जाऊ नये अशी आपली शिकवण. येथे मात्र रित्या हाताने जावे, आणि अधिक कठीण असे की, रित्या हातानेच परत यावे. आपली सर्व तीर्थयात्रा शेवटी काहीतरी घेऊन घरी येते: गंगाजल, गोपीचंदन, अंगारा, गंडा. शेजाऱ्यांच्या हातावर ठेवावयास काही नसेल तर यात्रा पुरी झाली असे वाटत नाही. ह्या सवयीत लोभ नाही. ज्यांना जाता आले नाही त्यांना वाटा मिळावा ही माया आहे. म्हणूनच ती सोडणे जड जाते. आईची मागणीही मायेचीच होती, आणि कायद्याचे पुस्तक दाखवून मायेला उत्तर देता येत नाही.

ते उत्तर तिने स्वतःच दिले, आणि तेही दोन दिवसांनी. पूजा आटोपल्यावर तिने मुलीला जवळ बोलाविले, शिळा तबकात ठेवली आणि चष्मा लावून एकेक चक्र मोजले. मुलीने प्रवाळाचे छायाचित्र शेजारी धरले होते. आई म्हणाली, “एवढी वस्ती होती इथे. मी रोज स्नान घालते, आणि मला हे कोणी सांगितले नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आणू नकोस. कोणाचे घर मोडून आपला देव आणावयाचा नसतो. ही शिळा धाकट्याला दे. तुम्हांला त्या समुद्रापर्यंत जाता येते. त्याला नोकरीतून केव्हा जमेल कोण जाणे. ज्याला जाता येत नाही त्याच्या घरी ही असू दे.”

पणजोबांपासून चार पिढ्या जिला ह्या घरातून हलविण्याचा विचार कोणाच्या मनात आला नाही, ती शिळा अशी एका वाक्यात पुण्याला निघाली. मी काही बोललो नाही. मोठ्या मुलाच्या वाट्याची म्हणून ती मी आजवर मनात धरून होतो हे मला त्या क्षणी कळले, आणि कळले तेव्हा ती माझी राहिली नव्हती. संपुष्टात तुळशीचे पान घालून आईने ती बांधून ठेवली आहे. भाऊ संक्रांतीला येईल तेव्हा घेऊन जाईल. देवघरात शालिग्रामाशेजारी जागा मोकळी आहे. तेथे काय ठेवावयाचे असे पत्नीने विचारले तेव्हा आई म्हणाली, काही नाही.

गाडी उद्या रात्रीची आहे, ऐन अमावास्येची. दशम्या डब्यात आहेत, बूट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले आहेत, परवान्याच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या खिशांत आहेत. कचरा परत आणण्याची पिशवी मुलीने सर्वांच्या वर ठेवली आहे. स्टेशनावर जाताना विठ्ठलमंदिरात थांबून बोचके तेवढे उचलावयाचे. तेथे देव कोणता हे आईने पुन्हा विचारलेले नाही. आज सकाळी तिने एवढेच सांगितले की, परत आल्यावर काय आणले असे ती विचारणार नाही, काय पाहिले ते विचारील. आणि साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी देतात तशी ताकीद नातीला देऊन ठेवली: जेवढे डोळ्यांनी पाहशील तेवढेच सांग, आणि त्यातले काही गाळू नकोस.